राजहंसातला ठिय्या

धरण पाडायचं ठरलंय ही बातमी गावातल्या शेंबड्या पोरापर्यंत पोचली, तरी कप्तानांच्या कानावर ती घालायची हिंमत कुणाची होत नव्हती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, असा सगळा मामला होता. शेवटी त्यांच्या मुलीनेच एका संध्याकाळी जेवताना, पाण्याचा ग्लास भरता भरता विषय काढला.

"बाबा, आपल्या तलावाचं धरण काढतायत."

"काढू देत की," कप्तान म्हणाले. त्यांना वाटलं, कुणीतरी फोटो काढतंय. "कोण काढतंय?"

"मी."

"छान येईल. संध्याकाळच्या उन्हात काढ."

"फोटो नाही हो बाबा. धरण काढतेय. पाडतेय. मशीन लावून."

कप्तानांचा घास जो घशात अडकला तो बायकोने पाठीत तीन धपाटे घातल्यावर खाली उतरला. त्यातला तिसरा गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात बसला, असं त्यांना वाटलं.

आता कप्तान काही जन्मात कुठल्या जहाजावर चढले नव्हते. त्यांच्याकडे एक पांढरी टोपी होती, तिच्यावर नांगराचं सोनेरी चित्र होतं, आणि तलावाच्या काठाला त्यांच्या मालकीचे चार राजहंस बांधलेले असत. हे राजहंस म्हणजे पायाने चालवायच्या बोटी. फायबरच्या, पांढऱ्याशुभ्र, आत दोन माणसांनी शेजारी शेजारी बसून पायडल मारायचं आणि मधला दांडा इकडेतिकडे वळवायचा. चौथ्या राजहंसाची मान एकदा मोडली होती. ती ज्याने जोडून दिली त्या गड्याचा मूळ धंदा गाड्यांचे पत्रे ठोकायचा, त्यामुळे तो हंस तेव्हापासून रागावलेल्या कोंबडीसारखा मागे वळून प्रवाशांकडे बघत असे. पोरं त्याच्यात बसायला घाबरायची. कप्तानांचा मात्र त्याच्यावर फार जीव होता.

तलाव होता धरणामुळे, आणि धरण होतं विजेसाठी. कप्तानांच्या आजोबांच्या काळात त्या विजेवर सगळं गाव उजळायचं. पण यंत्रं म्हातारी झाली, एकेक करून बंद पडली, आणि शेवटी त्या विजेवर धरणाच्या भिंतीवरचा एक दिवा तेवढा लागायचा. दिवा लागला की धरण दिसायचं, एवढाच काय तो धरणाचा उपयोग उरला होता. भिंतीला तडे गेले होते. तलाव गाळाने इतका भरला होता की मधोमध कुणी बुडालाच तर त्याचे केस वर राहिले असते. आणि खालून वर येणारे मासे भिंतीवर डोकं आपटून आपटून माघारी जायचे.

"माशांना माघारी जायला काय झालं?" कप्तान म्हणाले. "मीसुद्धा बाजारात जातो आणि माघारी येतो."

मुलगी इंजिनिअर होती, याआधी दूरदूरची दोन धरणं तिने उतरवली होती, आणि हे काम मिळाल्यावर हॉटेलात राहण्याऐवजी आईवडिलांकडे राहायला आली होती. तिच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती. ती तिला मॅडम म्हणत. घरात ती बबडी होती.

या सगळ्यात कप्तानांना खरी मिरची झोंबली ती वेगळ्याच गोष्टीने. धरण पाडा म्हणून इतकी वर्षं ज्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, त्या ‘नदी मोकळी करा’ मंडळाचे चिटणीस त्यांचे साडू होते.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना मासेमारीचं वेड होतं. रोज गळ टाकून बसायचे आणि रोज शेवाळ घेऊन घरी जायचे. नदी वाहती असती तर मासा मिळाला असता, असं त्यांचं म्हणणं. गळाला गांडूळ लावायचं असतं हे कुणीतरी सांगा त्यांना, असं कप्तानांचं म्हणणं. दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केल्यापासून दोघांचं एकमेकांना पाण्यात बघणं चालू होतं, आणि पाणी एकच असल्यामुळे ते रोज दिसायचेही.

काम सुरू झालं. भिंतीच्या मधोमध वरून खाली खाच कापायला सुरुवात झाली आणि तलाव आठवड्याआठवड्याला खाली बसू लागला. कप्तानांनी त्यावर उपाय काढला. पाणी खाली गेलं की ते आपल्या धक्क्याच्या शिडीला आणखी दोन पायऱ्या ठोकायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "कप्तान, तलाव खाली गेला का हो?"

"काठ वर आलाय," कप्तान सांगायचे.

पण शिडी पुरी होईना आणि गिऱ्हाईकही येईना. शेवटचा कापा कधी घालायचा ते बबडीने जाहीर केलं, आणि त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, बबडी अजून धरणावरच असताना, कप्तानांनी घरात घोषणा केली की आपण तलावाच्या मधोमध ठिय्या देणार.

"कशावर?" बायकोने विचारलं.

"राजहंसावर. माणूस पाण्यावर बसलेला असताना पाणी काढून घेता येत नाही. कायदा आहे तसा."

"कुठला कायदा?"

"असणारच," कप्तान म्हणाले.

बायकोने त्यांना समजावलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं. तिने फक्त डब्यात उकडलेली अंडी आणि पाव भरला, वर एक स्वेटर ठेवला, आणि म्हणाली, "लेकीचं कामाचं ठिकाण आहे ते. तिथे शोभा करू नका."

कप्तानांनी शोभा करायचं ठरवलंच होतं.

दिवस उजाडला तेव्हा बबडीच्या माणसांनी दुर्बीण लावून सगळा तलाव तपासला. पाण्यावर कुणी नाही, काठावर कुणी नाही. तिने हिरवा झेंडा दाखवला, मशीनने खाचेतला शेवटचा काँक्रीटचा अडसर फोडला, आणि पाणी गुरगुरत निघालं. ते चांगलं निघाल्यावर पलीकडच्या लव्हाळ्यातून हिरवी ताडपत्री हलली आणि तिच्याखालून मागे मान वळवलेला एक राजहंस बाहेर आला. आत टोपी घालून कप्तान बसले होते.

धरणावर एकदम गडबड उडाली. मशीनवाल्याने मशीन बंद केलं. पण फुटलेला अडसर काही परत चिकटवता येत नाही. बबडीने भोंगा तोंडाला लावला.

"बाबा! बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

"मी इथे कुणाचा बाबा नाही!" कप्तान ओरडले. "मी आंदोलक आहे!"

"आंदोलक, बाहेर या!"

"नाही येत, बबडे!"

चाळीस माणसांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमचे कान लाल झाले. तिने ताबडतोब कामाची रबरी बोट पाठवली. बोटीतल्या दोघांनी कप्तानांना हाताला धरून ओढायचा प्रयत्न केला, पण कप्तानांनी राजहंसाच्या मानेला अशी मिठी मारली की हंस कलंडायला लागला. तेव्हा त्यांनी कप्तानांच्या अंगात एक केशरी जाकीट चढवलं, त्याचे बंद आवळले, आणि पाणी आणखी उतरायच्या आत परत फिरले. जाकीट कप्तानांना आवडलं. टोपीला शोभत होतं.

मग पोलीस आला. गावात पोलीस एकच, आणि तोही अंगाने दोघांएवढा. रबरी बोट आता चिखलाला लागू लागली होती म्हणून तो कप्तानांच्याच दुसऱ्या एका राजहंसात बसून निघाला. पण दोन माणसांच्या बोटीत एकटा जड माणूस एका बाजूला बसला की काय होतं, ते कप्तान तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते. हंस डावीकडे कलला आणि गोल फिरायला लागला. पोलीस जेवढं जोरात पायडल मारी तेवढा हंस जोरात फिरे.

"तुम्हाला," पोलीस ओरडला आणि पाठमोरा झाला. मग फिरून पुन्हा समोर आला. "ताब्यात घेण्यात," पुन्हा पाठमोरा. "येत आहे!"

"मधोमध बसा, साहेब!" कप्तानांना राहवेना. शेवटी धंदा तो धंदा.

"काय?"

"मधोमध! आणि दांडा उजवीकडे!"

पोलिसाने ऐकलं, हंस सरळ झाला, आणि ज्या दिशेला तोंड होतं त्या दिशेला, म्हणजे काठाकडे, सुसाट निघून गेला. काठावर उतरल्यावर त्याला इतकी घेरी आली होती की तो वीजघराच्या पायरीवर डोकं धरून बसला आणि कुणी काही विचारलं की "फिरतंय" एवढंच म्हणायचा.

कप्तानांनी विजयाने पहिलं अंडं सोललं. आजूबाजूला पाहिलं तर काठ खरोखरच वर आल्यासारखा दिसत होता. दुसरं अंडं सोलेपर्यंत झाडं उंच झाली. तिसऱ्या अंड्याला राजहंस खालून कशाला तरी टेकला, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला, आणि हलायचा बंद झाला. कप्तानांनी पायडल मारलं. चिखलाचा एक गोळा उडून त्यांच्या टोपीवर बसला.

चहूबाजूंना पाणी नव्हतंच. काळाकुळकुळीत चिकट गाळ पसरला होता, उन्हात चकाकत होता, आणि त्यात गावाने इतक्या वर्षांत तलावाला जे जे अर्पण केलं होतं ते वर येत होतं. एक स्कूटर. एक लोखंडी पलंग. असंख्य चपला, सगळ्या डाव्या पायाच्या. कप्तानांनी चाचपून बघायला बोटीतलं एक सुटं दांडकं खाली खुपसलं, तर ते कमरेइतकं आत गेलं आणि गाळाने परतच दिलं नाही. म्हणजे चालत जायची सोय नव्हती. पण काठावर अर्धं गाव जमलं होतं, म्हणून त्यांनी हात छातीवर बांधून घेतले आणि आपण इथे मुद्दामच बसलोय अशा चेहऱ्याने समोर बघत राहिले.

काठावर बायको आपल्या बहिणीबरोबर उभी होती. दोघींनी बबडीची दुर्बीण पळवली होती.

"तुझ्या यजमानांनी टोपी का नाही पुसली?" बहीण म्हणाली.

"पुसली तर मान्य केल्यासारखं होईल," बायको म्हणाली. आणि लगेच, "अगं, तुझे यजमान कुठे आहेत?"

तिचे यजमान गाळात निघाले होते. साडू कितीही आडमुठा असला तरी त्याला असा टाकून कसा द्यायचा, असं मास्तरांना वाटलं, शिवाय अख्ख्या गावासमोर त्याला आपण सोडवलं असं झालं तर पुढची वीस वर्षं बघायला नको, असंही वाटलं. त्यांनी चित्रकलेचे दोन मोठे फळे आणले होते. एक फळा पुढे टाकायचा, त्याच्यावर जायचं, मागचा उचलून पुढे टाकायचा. बबडीने भोंग्यावरून "काका, परत फिरा!" म्हणून घसा फोडला, पण काका तोवर निम्म्यावर पोचले होते आणि शास्त्रशुद्ध रीतीने सरकत होते. अगदी हंसाजवळ आल्यावर मागचा फळा उचलायला ते वाकले, तर गाळाने फळा सोडला नाही. मास्तरांनी जोर लावला. फळा तिथेच राहिला आणि मास्तर उलटे होऊन राजहंसाच्या रिकाम्या सीटवर डोक्याकडून येऊन पडले.

"या," कप्तान म्हणाले. "सावकाश."

मास्तर सरळ झाले, चष्मा शोधला, घातला. "तुम्हाला सोडवायला आलोय."

"दिसतंच आहे. मग चला, सोडवा."

मास्तरांनी फळ्यांकडे पाहिलं. एक बुडाला होता, दुसरा बुडत होता.

"थोडा दम घेतो," ते म्हणाले.

कप्तानांनी उरलेल्या पावाचे दोन तुकडे केले, मोठा स्वतःला ठेवला, मग उगाच वाईट वाटून अदलाबदल केली. मास्तर चावता चावता समोर बघत होते. अचानक त्यांचं चावणं थांबलं.

"कप्तान, तिथे चिखलात कुणीतरी आहे."

"कुठे?"

"ते काय. आपल्याकडे बघतंय."

कप्तानांनी बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाळातून एक गोल चेहरा वर आला होता. टक्कल, चष्मा, प्रसन्न हसू. तो चेहरा मास्तरांचा होता.

त्याचं असं झालं होतं. कप्तान नव्या घरात राहायला गेले तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं एक भिंतीवरचं घड्याळ त्यांना भेट दिलं होतं. तबकडीवर मास्तरांचंच चित्र, आणि काटे म्हणजे मिशा. दहा वाजून दहा मिनिटांनी मास्तर खुशीत दिसायचे आणि आठ वीसला रडवेले व्हायचे. कप्तानांनी ते आठवडाभर सोसलं. मग एके दिवशी राजहंसात घालून तलावाच्या मध्यावर नेलं आणि सोडलं. घरी येऊन सांगितलं, चोरी झाली.

"घड्याळ चोरीला गेलं होतं ना तुमचं?" मास्तर हळूच म्हणाले.

"हो ना. चोराने इथे टाकलेलं दिसतंय." कप्तानांनी घसा खाकरला. "हल्लीचे चोर."

मास्तर काही बोलणार तेवढ्यात कप्तानांची नजर घड्याळाच्या पलीकडे गेली. तिथे गाळातून एक लांब प्लास्टरची मान वर आली होती, तिला एक चोच होती, आणि चोचीच्या वर दोन लाल काचेचे डोळे. मास्तर निवृत्त झाले तेव्हा कप्तानांनी त्यांना दिलेला राजहंसाचा टेबललॅम्प. बटण दाबलं की डोळे पेटायचे.

"तो फुटला होता ना?" कप्तान म्हणाले. "मांजराने पाडला म्हणाला होतात."

मास्तर गाळाकडे बघत राहिले. "मांजर तो घेऊन इतक्या लांब आलं म्हणजे... मांजराला पोहता येत असणार."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आधी राजहंस थोडासा थरथरला. मग कप्तानांच्या नाकातून एक आवाज निघाला. मग मास्तरांचा चष्मा हलायला लागला. आणि मग दोघं असे हसत सुटले की काठावरच्या लोकांना वाटलं, उन्हाने दोघांच्या डोक्यावर परिणाम झाला.

"रात्री पाणी प्यायला उठलो की ते लाल डोळे!" मास्तर डोळे पुसत म्हणाले. "एकदा मी त्याची माफी मागितली, कप्तान. कशाबद्दल ते मलाही माहीत नाही."

"आणि मी सकाळी दाढी करायला जाताना त्या घड्याळाला नमस्कार करायचो! सवयीने!"

काठावर दोघी बहिणी दुर्बीण आलटून पालटून बघत होत्या.

"चोर घड्याळच का नेईल, हे मी तेव्हाच विचारलं होतं," कप्तानांची बायको म्हणाली.

"आमच्याकडे मांजर कधी नव्हतंच," बहीण म्हणाली.

हसू ओसरलं तेव्हा मास्तरांना आवाज आला. त्यांनी बोट वर केलं. "ऐका."

वरच्या अंगाने, डोंगराकडून, काहीतरी खळखळत होतं. तलाव रिकामा झाला होता, पण मागून नदी येतच होती, आणि आता ती या सपाट गाळात आपली वाट कोरत होती. साप सरकावा तशी एक चकाकती रेघ इकडे वळत, तिकडे वळत येत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाळाचे घराएवढे तुकडे धपाधप कोसळून वाहून जात होते.

"जुनी वाट शोधतेय," मास्तर हरखून म्हणाले. "इतक्या वर्षांनी! बघा, बघा, सरळ येतेय!"

"कुणीकडे सरळ?"

मास्तरांनी रेघ बघितली, मग धरणाची खाच बघितली, मग आपण कुठे बसलोय ते बघितलं.

"आपल्याकडे," ते म्हणाले.

"बाबा!" भोंगा कडाडला. "घट्ट धरा! दोघं खाली वाका!"

राजहंसाखालचा गाळ एका बाजूने खचला. हंस कलंडला, सावरला, आणि पुढच्या क्षणी तो पाण्यावर होता. पाणीही कसलं, कॉफीसारखं तपकिरी, थंडगार, आणि भलत्या घाईत असलेलं. हंस निघाला.

"पायडल मारा!" कप्तान ओरडले.

"कशाला? आपोआप चाललाय!"

"मारल्याशिवाय वळत नाही हो तो! मारा!"

मास्तरांनी मारलं. कप्तानांनी दांडा धरला. समोर धरणाची भिंत मोठमोठी होत आली आणि तिच्या मधोमध ती खाच, ट्रक जाईल एवढी रुंद. पण पाण्यात हेलकावणाऱ्या राजहंसातून ती सुईच्या नेढ्यासारखी दिसत होती.

"डावीकडे!" भिंतीवरून बबडी किंचाळली. "डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या! तुमच्या!"

"माझ्या की मास्तरांच्या?"

"आपण एकाच दिशेला बसलोय!" मास्तर ओरडले. कप्तानांनी दांडा लावला.

हंस खाचेत शिरला. दोन्ही बाजूंना काँक्रीट, वर आकाशाची एक पट्टी, त्या पट्टीत चाळीस हेल्मेटं वाकून बघताहेत, आणि मधे मुलीचा पांढराफटक चेहरा. कप्तानांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तिला सलाम ठोकला. तेवढ्यात मागे वळलेली हंसाची मान भिंतीला घासली, कड्कन आवाज झाला, आणि ती मोडून कप्तानांच्या मांडीत येऊन पडली. हंस बाहेर पडला, थोडा खाली आदळला, दोनदा गिरकी घेतली, आणि धरणाच्या खालच्या बाजूला, जिथे कप्तान आयुष्यात कधी पाण्यावरून गेले नव्हते, तिथल्या वळणावरून तरंगत पुढे निघाला.

इथे पाणी पसरलं होतं, संथ होतं. दोन्ही बाजूंना झाडं मागे जात होती. कप्तानांनी पायडल सोडलं. मास्तर घाबरून त्यांच्याकडे वळले.

"लागलं का कुठे?"

"नाही," कप्तान म्हणाले. "मास्तर, तीस वर्षं मी या बोटी चालवतोय. जिथून निघायचं तिथेच परत यायचं. गोल. माझी बोट आज पहिल्यांदा कुठेतरी गेली."

मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यात शेजारी पाणी फुटलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा एक रुपेरी मासा उडाला, पडला, आणि त्यांच्या उलट्या दिशेने, भिंतीकडे, वर निघून गेला.

मास्तर उभे राहिले. बोटीत उभं राहायचं नसतं हे कप्तानांनी त्यांना शेकडो वेळा सांगितलं होतं. "मासा!" ते म्हणाले आणि पाण्यात पडले.

पाणी त्यांच्या गुडघ्याएवढं होतं.

दोघं गोट्यांच्या काठावर येऊन बसले. मास्तर ओले, कप्तान चिखलाचे, मधे हंसाची मान. बबडी धरणापासून धावत आली ती आधी पुढे येऊन वडिलांच्या हातापायांची हाडं चाचपू लागली. सगळी जागच्या जागी आहेत म्हटल्यावर मग ओरडायला लागली.

"तुम्हाला काही झालं असतं तर? मी काय केलं असतं? आईला काय सांगितलं असतं? माझ्या कामावर आजवर साधं कुणाचं बोट चेमटलं नव्हतं, बाबा!" आणि मधेच तिला रडू आलं. कप्तानांनी तिला जवळ घेतलं, त्यामुळे तीही चिखलाची झाली.

"चुकलंच माझं," कप्तान म्हणाले. "पण खाच छान कापलीस हो. दोन्ही बाजू अगदी सरळ. आतून बघितलेला मीच एकटा."

"मीपण होतो," मास्तर म्हणाले.

मागोमाग पोलीस आला, अजून घेरी असल्यामुळे झाडांना हात लावत लावत. त्याने वही काढली आणि बराच विचार केला. ठिय्या म्हणजे एका जागी बसून राहणं. हे दोघं तर इथवर आलेले. वेगाने वाहन चालवलं म्हणावं, तर राजहंस वाहनात बसतो का? आणि बसत असेल तर आपणही सकाळी एक चालवला, विनापरवाना. त्याने वही मिटली आणि मास्तरांना चष्मा शोधायला मदत केली.

दोघी बहिणी टॉवेल घेऊन आल्या. कप्तानांच्या बायकोने नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"झाली का शोभा?"

"झाली," कप्तान म्हणाले.

"डबा कुठे आहे?"

डबा नदीबरोबर गेला होता. त्याबद्दल मात्र कप्तानांना घरी पोचेपर्यंत ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कप्तान दचकून जागे झाले. कुठेतरी नळ चालू राहिला होता. ते उठले, न्हाणीघरात गेले, नळ पिरगळला. आवाज चालूच. स्वयंपाकघरातला पिरगळला. अंगणातला पिरगळला, इतका की त्याची चावी हातात आली. आवाज चालूच. त्यांनी बायकोला हलवलं.

"अगं, पाणी कुठून तरी वाहतंय. सगळे नळ बंद केले, तरी थांबत नाही."

बायकोने डोळे न उघडता कान दिला. या घरात राहायला आल्यापासून खिडकीबाहेर तलाव होता, आणि तलाव कधी चकार शब्द बोलला नव्हता.

"नदी आहे ती," ती म्हणाली आणि कूस बदलली.

कप्तान खिडकीशी जाऊन उभे राहिले. धुक्यात फारसं काही दिसत नव्हतं, पण आवाज खाली कुठेतरी डावीकडून उजवीकडे चालला होता, न थांबता, बडबड्या पाहुण्यासारखा. तोंडात ब्रश घेऊन बबडी बाहेर आली आणि शेजारी उभी राहिली.

"बबडे, ही रोज असा आवाज करणार?"

"रोज. पावसाळ्यात जास्त."

"रात्री पण?"

बबडीने मान डोलावली. कप्तानांनी जरा विचार केला, मग खिडकी सताड उघडली आणि हातातली नळाची चावी तिच्या हातात दिली.

"मग ही बसवून दे आधी," ते म्हणाले. "तुझी आई उठायच्या आत."